मनोजन्य क्षुधानाश आणि रुग्णाचे कुटुंब

आहारविषयक मनोविकारांपैकी ‘ॲनोरेक्सिया नर्व्होसा’ या विकारास मराठीत ‘मनोजन्य क्षुधानाश’ म्हणता येईल. दोन्ही नावे काहीशी फसवी आहेत. रुग्णाची भूक, निदान प्रारंभी तरी, नाहीशी झालेली नसते. वजन वाढेल या तीव्र भयापोटी ती निग्रहाने दाबली जाते. हा विकार बहुधा किशोरवयात जडतो. मुलींत तो अधिक आढळतो. तथापि मुलगेही त्यापासून मुक्त नाहीत. अशा वेळी घरच्या माणसांनी काय करावे, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१८७३ मध्ये लंडनचे सर विल्यम गल व पॅरिसचे शार्ल लासेग यांनी या विकाराचे स्वतंत्रपणे वर्णन केले. घरची माणसे आधी विनवण्या करतात, मग धाक घालतात. आणि हे दोन्ही उपाय जसजसे वाढतात तसतसा रुग्णाचा नकार दृढ होत जातो, असे लासेग यांनी नमूद केले. आप्तेष्ट हे बहुधा सर्वांत वाईट परिचारक ठरतात, असा गल यांचाही अभिप्राय होता. पुढे रुग्णास घरापासून दूर ठेवणे हा दीर्घकाळ उपचाराचा मान्य भाग झाला, आणि आईबापांच्या वाट्यास दोष तेवढा आला.

येथे निरीक्षण बरोबर होते. निष्कर्ष मात्र घाईचा होता. विनवणी व धाक निष्फळ ठरतात, एवढ्यावरून कुटुंब निरुपयोगी ठरत नाही. मग ते रोगाचे कारण कोठून ठरणार? विनवणी निष्फळ का होते, याचा उलगडा अंशतः एका वेगळ्याच प्रयोगाने होतो. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुण स्वयंसेवकांना सहा महिने अर्धपोटी ठेवले. त्यांचे वजन सुमारे एकचतुर्थांशाने घटले. शिवाय त्यांच्या मनास अन्नाचा ध्यास लागला. ते चिडखोर, खिन्न व एकलकोंडे झाले. म्हणजेच ज्यास आपण मुलीचा हट्ट समजतो, त्यातील बराचसा भाग उपासमारीचा परिणाम असू शकतो. उपाशी मेंदूची समजूत युक्तिवादाने पटत नाही; त्यास प्रथम अन्न मिळावे लागते.

लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयातील जेरल्ड रसेल व त्यांचे सहकारी यांनी १९८७ मध्ये ८० रुग्णांचा तुलनात्मक अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांचा क्षुधानाश वयाच्या १९ वर्षांपूर्वी सुरू झाला होता व फार जुना नव्हता, त्यांना वैयक्तिक उपचारापेक्षा कौटुंबिक उपचाराचा लाभ अधिक झाला. या पद्धतीत पालक काही काळ जेवणाची सूत्रे आपल्या हाती घेतात, आणि वजन सावरल्यावर ती क्रमाक्रमाने मुलीकडे परत सोपवितात.

सूत्रे हाती घेणे म्हणजे आग्रह नव्हे, हे आपल्याकडे विशेष ध्यानी घ्यावयास हवे. ताटावरचा वाद, कॅलरींचा हिशेब, ‘किती वाळलीस’ किंवा ‘आता बरी दिसतेस’ यांसारखे उद्गार टाळावेत. ठरल्या वेळी ठरलेले अन्न वाढावे, शेजारी बसावे, भीतीची दखल घ्यावी. पण जेवण मात्र सोडू देऊ नये. मानसोपचारतज्ज्ञ जॅनेट ट्रेझर यांनी काळजीवाहकांच्या वृत्तींना प्राण्यांच्या उपमा दिल्या आहेत: पोटाशी धरणारा कांगारू, अंगावर धावून जाणारा गेंडा, संकट न पाहणारा शहामृग. त्यांच्या मते आदर्श आहे तो डॉल्फिनचा. तो कधी पुढे राहून वाट दाखवितो, कधी बाजूने पोहतो, कधी मागे राहतो.

घरची शुश्रूषा वैद्यकीय देखरेखीस पर्याय नव्हे. दीर्घ उपासमारीनंतर एकाएकी भरपूर अन्न दिल्यास रक्तातील फॉस्फेट धोकादायक रीतीने घटू शकते. मूर्च्छा येत असेल किंवा नाडी फार मंद झाली असेल, तर रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे.

शेवटी काळजीवाहकाविषयी. हा आजार महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे चालतो. आळीपाळीने बसणारे दुसरे माणूस, अखंड झोप आणि मन मोकळे करावयास जागा यांवाचून कोणाचाही धीर टिकत नाही. ‘माझे काय चुकले’ या प्रश्नात गुरफटलेल्या आईस ताटापाशी शांत राहणे अवघड जाते. तिच्या मनावरील हा भार उतरविणे हाही रुग्णाच्या उपचाराचाच भाग होय.