उसने हसू

कोल्हापूरच्या कसबा बावड्यातल्या लक्ष्मी-विलास राजवाड्यात २६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यातले यशवंतराव जन्मले. १८८४ मध्ये ते छत्रपतींच्या गादीवर दत्तक गेले आणि शाहू महाराज झाले. त्यांची जयंती आली की मोबाइलवर त्यांच्या छायाचित्रांचा पूर येतो. मूळ कृष्णधवल फोटोला गुलाबी कांती येते, धिप्पाड देह सडपातळ होतो, कधी पापण्याही लवतात. कुणी श्रद्धेने हात जोडून ते पुढे पाठवतो, कुणी अस्वस्थ होऊन अंगठा पुढे सरकवतो. या अस्वस्थतेचे कारण विचारले तर ‘फोटो खोटा वाटतो’ असे उत्तर मिळते. ते मला पुरेसे वाटत नाही. खोटेपणाशी आपले जुने सख्य आहे. माझ्या मते माणूस बिचकतो तो चेहऱ्यात झालेल्या बदलाला नव्हे. तो बदल कोणी केला, कोणाच्या सांगण्यावरून केला आणि त्याचा जाब कोणाला विचारायचा, हे कळेनासे होते तिथे तो बिचकतो.

स्टुडिओचा काळ आठवून पाहा. रिटचिंग करणारा कारागीर निगेटिव्हवर शिसपेन्सिल चालवून देवीचे वण आणि सुरकुत्या घालवत असे. ज्याचा एकट्याचा फोटोच कधी निघाला नाही, अशा माणसाचा चेहरा लग्नातल्या ग्रुप फोटोतून उचलून त्याला कोट-टाय चढवला जाई. निधनानंतर काढलेल्या फोटोतले मिटलेले डोळे ब्रशने उघडून दिले जात. ही तसबीर भिंतीवर लागे, तिला हार पडे, आणि घरातल्या कुणालाही भीती वाटत नसे. कारण हे काम घरच्यांनीच सांगितलेले असे, कारागीर नावानिशी ठाऊक असे, आणि नाक बिघडले तर फ्रेम परत नेऊन त्याच्याशी भांडता येई. आजच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सचेही तेच. त्यावर ‘भावी आमदार’ चार छटा उजळलेले असतात, मागे वाघ उभा असतो. बघणारा हसतो, दचकत नाही. फ्लेक्स कोणी लावला हे खाली ‘शुभेच्छुक’ म्हणून भल्या मोठ्या टायपात छापलेलेच असते!

प्रतिमेला घाबरण्याचा एक जुना दाखला कोल्हापूरच्याच मातीत आहे. बाबूराव पेंटर मूळचे चित्रकार आणि शिल्पकार. महाराष्ट्र फिल्म कंपनीचा त्यांचा ‘सैरंध्री’ १९२० मध्ये पडद्यावर आला. त्यातला कीचकवध इतका हुबेहूब साधला होता की प्रेक्षागृहात बायका किंचाळल्या, काहींना भोवळ आली, असे सांगितले जाते. तो प्रसंग पुढे सरकारी आदेशाने कापावा लागला. कीचकाचे मुंडके बनावट आहे हे प्रेक्षकांना ठाऊक होते, तरी शरीराने घ्यायचा तो धसका घेतलाच. याच पडद्यावरच्या करामतीसाठी बाबूरावांची वाहवाही झाली, लोकमान्य टिळकांनी त्यांना ‘सिनेमा केसरी’ म्हणून गौरवले. भीती आणि कौतुक एकाच वेळी नांदले, कारण करामत कोणाची हे उघड होते आणि कात्री कुठे चालवायची हेही सरकारला माहीत होते.

आता २०२१ कडे या. त्या वर्षी फेब्रुवारीत मायहेरिटेज या वंशावळीच्या संकेतस्थळाने ‘डीप नॉस्टॅल्जिया’ ही सोय आणली. जुना फोटो चढवायचा, काही क्षणांत पूर्वज मान वळवतो, डोळे मिचकावतो, मंद हसतो. भारतात भगतसिंग आणि विवेकानंद असे ‘जिवंत’ होऊन फिरले. काहींच्या डोळ्यांत पाणी आले, काहींच्या अंगावर काटा आला, आणि कुणाला हे जादूचे वाटेल तर कुणाला भयाण, हे कंपनीनेच मान्य केले. जपानी यंत्रमानवतज्ज्ञ मासाहिरो मोरी यांनी १९७० मध्येच याची मांडणी केली होती. कृत्रिम आकृती माणसासारखी होत जाते तशी ती आवडत जाते, पण अगदी जवळ येऊन किंचित चुकली की आवड एकदम शिसारीच्या दरीत कोसळते, आणि आकृती हलणारी असेल तर ती घसरण आणखी खोल असते. मोरींचे म्हणणे मला पटते, पण अर्धेच. डीप नॉस्टॅल्जियात हालचालींचे साचे आधीच तयार करून ठेवलेले होते. भगतसिंगांच्या ओठांवर आले ते साच्यातले, उसने हसू. त्यांचा हॅट घातलेला फोटो एप्रिल १९२९ मध्ये, असेंब्लीत बॉम्ब टाकण्याच्या थोडे आधी, दिल्लीच्या काश्मिरी गेटजवळच्या स्टुडिओत मुद्दाम काढून घेतलेला आहे. लोकांनी आपल्याला कोणत्या चेहऱ्याने लक्षात ठेवावे हे त्या तरुणाने स्वतः ठरवले होते. त्या निर्णयावर कुणीतरी परस्पर हात फिरवला, म्हणून काटा येतो.

यावर एक आक्षेप येईल: हा नव्याचा बुजरेपणा आहे, सरावाने जाईल. काही अंशी तो बरोबर आहे. आजोबांना हलताना पाहून एखाद्या आजीला समाधान मिळत असेल तर तिला शहाणपण शिकवण्याचा अधिकार मला नाही, कारण तिथे सांगणारी तीच आणि पाहणारीही तीच. पण सरावाने जाते ती दचक. फसवणूक सरावाने जात नाही. जानेवारी २०२४ मध्ये सचिन तेंडुलकर एका गेमिंग ॲपची जाहिरात करताना दिसला. चेहरा त्याचा, आवाज त्याच्यासारखा, शब्द मात्र त्याचे नव्हते. त्याला स्वतः पुढे येऊन हे बनावट आहे, असे सांगावे लागले. इथे प्रतिमा जितकी सफाईदार, तितकी घातक; मोरींची दरी पार केलेली प्रतिमा खरी भीतीदायक ठरते, कारण शरीर आता इशाराही देत नाही. याची दुसरी, अधिक काळी बाजू महाराष्ट्राने २०१४ च्या जूनमध्ये पाहिली. छत्रपती शिवाजी महाराज आणि बाळासाहेब ठाकरे यांची विद्रूप केलेली चित्रे फेसबुकवर फिरली, करणारा त्या घडीला अंधारात होता, आणि पुण्यात हडपसरला त्या चित्रांशी काडीचाही संबंध नसलेल्या एका तरुणाचा जमावाने जीव घेतला. चित्राचा धनी सापडला नाही की राग दिसेल त्या माणसावर उतरतो.

मग शिक्का मारा, म्हणजे झाले, असे दुसरे म्हणणे. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने तशा नियमांचा मसुदा काढला. त्यात कृत्रिम दृश्यावर किमान १० टक्के जागेत तसे लिहावे असे सुचवले होते. हेतू चांगला आहे. पण शिक्का सांगतो ‘हे बनवलेले आहे’. कोणी बनवले, मूळ कोणते, हे तो सांगत नाही, आणि फॉरवर्ड करताना कडेची पट्टी कापायला दोन सेकंद पुरतात. रंगवण्याला, दुरुस्तीला माझा विरोध नाही. फाटलेला फोटो सांधलाच पाहिजे. शाहू महाराजांचा देह सडपातळ करणे मात्र दुरुस्ती नव्हे. ज्या राजाने १९०२ मध्ये मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखल्या, त्याला सिनेमातल्या नायकाची हनुवटी लागत नाही. बावड्यातल्या आणि इतर गावांतल्या जयंती मंडळांना एवढीच विनंती: येत्या २६ जूनला फलकावर मूळ छायाचित्र आधी लावा, बदललेले लावायचेच असेल तर शेजारी लावा, आणि त्याच्याखाली ते कोणी बदलले त्याचे नाव ‘शुभेच्छुकां’इतक्याच मोठ्या टायपात छापा.