दुर्लक्षित नदीकाठ, आलिशान सदनिका आणि वाढीव भूमूल्य : लंडनमधील नाइन एल्म्स परिसराचा अभ्यास

प्रस्तावना :

औद्योगिक शहरात नदीकाठ हे शहराचे परसदार असते. कोळसा उतरविणे, वायू व वीज निर्माण करणे, माल साठविणे ही कामे तेथे चालतात. कामगारांची वस्तीही जवळच असते. उद्योग बंद पडले की हाच काठ काही काळ ओस पडतो आणि पुढे तोच शहरातील सर्वांत महागड्या निवासाची जागा ठरतो. लंडनमधील थेम्स नदीच्या दक्षिण काठावरील नाइन एल्म्स हा परिसर या स्थित्यंतराचे ठळक उदाहरण होय. अशा ठिकाणी जमिनीचे मूल्य कोणामुळे वाढते आणि वाढलेल्या मूल्यातील वाटा कोणास मिळतो, या प्रश्नाचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

परिसराची पार्श्वभूमी :

१८३८ मध्ये लंडन-साउथॅम्प्टन रेल्वेचे शहराकडील अंतिम स्थानक नाइन एल्म्स येथे सुरू झाले. १८४८ मध्ये वॉटर्लू स्थानक उघडल्यावर येथे मालधक्का व रेल्वेचे कारखाने उरले. पुढे वायू कारखाने आले आणि १९३० च्या दशकापासून चार धुराड्यांचे बॅटरसी वीजकेंद्र टप्प्याटप्प्याने उभे राहिले. १९७४ मध्ये कोव्हेंट गार्डनचा घाऊक फळे-फुले-भाजी बाजार येथे हलविण्यात आला. १९८३ मध्ये वीजकेंद्र बंद पडले. त्यानंतर तीन दशके त्याच्या पुनर्विकासाच्या अनेक योजना मांडल्या गेल्या. परंतु एकही पूर्णत्वास गेली नाही. ब्रिटिश संसद नदीपलीकडे हाकेच्या अंतरावर असूनही हा परिसर शहराच्या दृष्टीने गोदामांचा व सार्वजनिक गृहवसाहतींचाच राहिला.

मूल्यवाढीची कारणे :

२००४ च्या लंडन आराखड्यात या पट्ट्याचा समावेश विकासाच्या ‘संधी क्षेत्रां’त झाला. २००८ मध्ये अमेरिकेने आपला दूतावास येथे हलविण्याचा निर्णय जाहीर केला. नवी इमारत जानेवारी २०१८ मध्ये कार्यान्वित झाली. २०१२ मध्ये मलेशियन गुंतवणूकदारांच्या समूहाने वीजकेंद्राची जागा सुमारे ४० कोटी पौंडांना विकत घेतली. २० सप्टेंबर २०२१ रोजी भुयारी रेल्वेच्या नॉर्दर्न मार्गाचा सुमारे ३ किलोमीटरचा विस्तार सुरू झाला. ऑक्टोबर २०२२ मध्ये जतन केलेले वीजकेंद्र दुकाने, कार्यालये व सदनिकांसह जनतेस खुले झाले.

यांतील एकेक घटना तपासली असता असे दिसते की, जमिनीचे मूल्य केवळ विकासकाच्या कर्तृत्वाने वाढले नाही. नियोजनाची परवानगी, दूतावासाचे आगमन आणि सार्वजनिक कर्जातून उभारलेली रेल्वे यांचा त्यात मोठा वाटा आहे. हे कर्ज विकासकांचे अंशदान व परिसरातील वाढीव व्यवसाय-कर यांतून फेडण्याची व्यवस्था करण्यात आली. समाजाच्या वाढीमुळे जमीनमालकास अनायासे होणाऱ्या लाभास जॉन स्टुअर्ट मिल यांच्या काळापासून ‘अनर्जित वाढ’ म्हटले जाते. ब्रिटनमध्ये १९४७ च्या नगर व ग्राम नियोजन कायद्याने विकासामुळे होणाऱ्या मूल्यवाढीवर शंभर टक्के आकार बसविला होता. १९५० च्या दशकात तो रद्द झाला. त्याची जागा पुढे परवानगीच्या वेळी केल्या जाणाऱ्या वाटाघाटींनी घेतली.

व्यवहार्यतेचे गणित :

१९९० च्या नियोजन कायद्यातील कलम १०६ नुसार स्थानिक कौन्सिल विकासकाशी करार करते. परवडणाऱ्या घरांचे प्रमाण त्यात ठरते. मात्र ही अट पाळल्यास प्रकल्प आर्थिकदृष्ट्या व्यवहार्य राहणार नाही, असे विकासकाने मूल्यांकनाद्वारे दाखविल्यास ते प्रमाण कमी करता येते.

हे गणित एका काल्पनिक उदाहरणाने समजून घेता येईल. विक्रीचे अपेक्षित उत्पन्न १०० मानू. बांधकाम व इतर खर्च ६० आणि नफा २० वजा केल्यास २० उरतात. जमिनीची किंमत व सामाजिक दायित्व ही दोन्ही त्यातूनच भागवावयाची असतात. दायित्वाची अट कठोर असेल, तर खरेदीदार जमिनीस ८ देईल आणि दायित्वासाठी १२ उरतील. अट पुढे शिथिल होईल अशी अपेक्षा असेल, तर तो जमिनीस १५ देईल आणि दायित्वासाठी केवळ ५ उरतील. नंतर हीच चढी किंमत ‘खर्च’ म्हणून पुढे केली जाते. म्हणजेच अट शिथिल होण्याची अपेक्षाच ती शिथिल करण्याचे कारण बनते.

नाइन एल्म्समध्ये रेल्वे व इतर सुविधांसाठी अंशदान घ्यावयाचे असल्याने परवडणाऱ्या घरांची अपेक्षा मुळातच १५ टक्क्यांवर ठेवली होती. २०१७ मध्ये वाढलेल्या खर्चाचे कारण देऊन वीजकेंद्र प्रकल्पातील अशा घरांची संख्या ६३६ वरून ३८६ करण्याची मागणी झाली. वॉन्ड्सवर्थ कौन्सिलने ती मान्य केली. एकूण सुमारे ४,२०० घरांत हे प्रमाण ९ टक्के भरते. ही ३८६ घरेही नदीकाठी नव्हे, तर बॅटरसी पार्क रस्त्याच्या पलीकडे बांधण्यात आली. जवळच्याच दुसऱ्या संकुलात दोन इमारतींना जोडणारा, जमिनीपासून ३५ मीटर उंचीवरील पारदर्शक जलतरण तलाव २०२१ मध्ये सुरू झाला. अंशतः मालकीच्या योजनेतील रहिवाशांना त्यात प्रवेश नसल्याचे वृत्त तेव्हा गाजले.

२०१८ मध्ये इंग्लंडच्या नियोजन मार्गदर्शिकेत सुधारणा झाली. जमिनीसाठी मोजलेली किंमत हे नियोजन धोरणाची पूर्तता न करण्याचे समर्थन ठरू शकत नाही, असे तीत स्पष्ट करण्यात आले. मात्र नाइन एल्म्समधील बहुतेक प्रमुख परवानग्या त्यापूर्वीच दिल्या गेल्या होत्या.

समारोप :

या पुनर्विकासाने काहीच साधले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. ढासळणारी ऐतिहासिक वास्तू वाचली, बंद असलेला नदीकाठ पायी फिरणाऱ्यांस खुला झाला, भुयारी रेल्वे आली. उद्योगांच्या जागेवर इमारती उभ्या राहिल्याने रहिवाशांचे थेट विस्थापनही मोठ्या प्रमाणात झाले नाही. तथापि विस्थापन झाले नाही, एवढ्यावरून वाटप न्याय्य ठरत नाही. सार्वजनिक वाटा जमीन खरेदीपूर्वी निश्चित व अपरिवर्तनीय असेल, तर त्याचा भार मुख्यतः जमिनीच्या किमतीवर पडतो. तो नंतरच्या वाटाघाटींवर सोडल्यास परवडणाऱ्या घरांच्या प्रतीक्षेतील कुटुंबांवर पडतो. वीजकेंद्र प्रकल्पात हा भार २५० घरांचा होता.