फोनवरून काय पोचतं, काय पोचत नाही

आजचा प्रश्न सरळ आहे. टाळेबंदीत दवाखान्याची वाट बंद झाली, तेव्हा कर्करोगाचे उपचार फोन आणि संगणकाच्या आधारे कुठवर चालले आणि कुठे अडले?

महाळुंगे पडवळमध्ये हा प्रश्न विचारायला कारण आहे. आपल्या गावाची आणि मुंबईची ओळख जुनी. हुतात्मा बाबू गेनू इथलेच, मुंबईत ते गिरणी कामगार होते. पोटासाठी आपण मुंबई गाठली आणि मोठं दुखणं आलं की परळचं टाटा मेमोरियल. मार्च २०२० मध्ये एसटी थांबली, जिल्ह्याची हद्द ओलांडायला परवानगी लागू लागली. गाठ मात्र टाळेबंदी पाळत नाही.

त्याच महिन्यात, २५ मार्चला, केंद्र सरकारची टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं आली. व्हिडिओवर, फोनवर, अगदी संदेशातूनही डॉक्टरांनी सल्ला आणि औषधाची चिठ्ठी द्यावी, याला स्पष्ट नियम मिळाले. एप्रिलमध्ये घरबसल्या सल्ला देणारी ‘ई-संजीवनी ओपीडी’ सुरू झाली. काही पाया आधीच घातलेला होता. २०१२ पासून राष्ट्रीय कर्करोग ग्रिडने देशभरातली केंद्रं जोडायला घेतली होती; रिपोर्ट पाठवून तज्ज्ञांचं लेखी मत घेण्याची ‘नव्या’ ही सेवाही चालू होती.

आता थोडं तत्त्वज्ञानाकडे वळू. न्यायदर्शन ज्ञानाची चार साधनं मानतं: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. यातला शब्द फोनवरून पोचतो: ‘ताप आलाय, उलट्या थांबत नाहीत.’ रक्ताचा रिपोर्ट पाठवला की अनुमानही करता येतं. प्रत्यक्षाचं काय? डोळ्यांना थोडंफार दिसतं, पण काखेतली गाठ बोटांनाच कळते. तुकडा काढून तपासणं, सलाईनमधून केमो देणं, किरण देणं, यांना माणूस समोरच लागतो.

आणखी एक बारकावा बघा. न्यायशास्त्रात कोणाचाही शब्द प्रमाण नसतो. तो आप्ताचा, म्हणजे विश्वासार्ह माणसाचा लागतो. जुन्या रुग्णाचा फोन येतो तेव्हा डॉक्टरांसमोर त्याची फाइल असते, मागचे रिपोर्ट असतात. त्याच्या दोन वाक्यांना वजन येतं. नव्या रुग्णाकडे यातलं काहीच नसतं. म्हणजे काय, तर फोन असलेलं नातं टिकवतो. नवं नातं जोडायला तो अपुरा पडतो.

आकडे काय सांगतात? ग्रिडमधल्या ४१ केंद्रांची पाहणी २०२१ मध्ये ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त आली. मार्च ते मे २०१९ मध्ये १,१२,२७० नवे रुग्ण नोंदले गेले होते. २०२० च्या त्याच तीन महिन्यांत ५१,७६०. घट ५४ टक्के. बाह्यरुग्ण केमो ३७ टक्क्यांनी घटली, किरणोपचार घेणारे २३ टक्क्यांनी. यामागे एकच कारण नाही. प्रवास, भीती, पैसा, सगळंच आहे. तरी नीट पाहा. किरणोपचार फोनवर होत नाहीत, रोज यंत्रापाशी जावं लागतं, आणि तिथली घट तुलनेने कमी. ज्याची फाइल उघडलेली होती, त्याचा माग राहिला. ज्याची उघडलीच नाही, तो कोणाच्या यादीत नव्हता. ज्याचं नावच नाही, त्याला फोन तरी कोण करणार?

नियमांचीही एक मर्यादा होती. अमली पदार्थ कायद्याखालची औषधं फोनवरच्या सल्ल्याने लिहून द्यायला बंदी होती. त्यात मॉर्फिन येतं, कर्करोगाच्या असह्य वेदनांवरचं मुख्य औषध. गैरवापराची भीती खोटी नाही. पण घरात कळवळणाऱ्या माणसाला ते कोणी आणि कसं द्यायचं, याचं उत्तर आधी ठरलेलं असायला हवं.

तेव्हा पुढच्या संकटासाठी नवं अॅप मागण्याआधी आपण एक गोष्ट मागू या. पहिली तपासणी जवळ व्हावी. तोंडातला न भरणारा चट्टा, छातीतली गाठ गावाजवळच्या आरोग्य केंद्रात किंवा मंचरच्या रुग्णालयात हाताने तपासली जावी आणि फाइल तिथेच उघडावी. एकदा ती उघडली, की परळपर्यंतची पुढची बरीच वाट फोन चालू शकतो.