रत्नागिरीतल्या फुटबॉलपटूला हेरतं कोण? कॉलेज टीमची निवड कशी होते, समजून घ्या

अमेरिकेत कॉलेजच्या फुटबॉल टीमचा कोच थेट खेळाडूच्या घरी जातो, आई-वडिलांशी गप्पा मारतो आणि सांगतो, मुलाला आमच्याकडे पाठवा, फी आम्ही भरतो. असे रील्स तुम्हीही पाहिले असतील. मग रत्नागिरीत एखादा मुलगा किंवा मुलगी भारी फुटबॉल खेळत असेल, तर त्यांच्या दारात कोण येतं?

बहुतेक वेळा कोणीच नाही. इथे खेळाडूलाच नजरेत यावं लागतं. आणि रत्नागिरीच्या खेळाडूंसमोर त्या वाटेवर दोन मोठे घाट आहेत: आधी कोल्हापूर, मग मुंबई.

अमेरिकेतले कोच घरी का जातात?

तिकडचा फुटबॉल म्हणजे अंडाकृती बॉल हातात घेऊन पळण्याचा खेळ. कॉलेजच्या मॅच टीव्हीवर दिसतात, त्यातून प्रचंड पैसा येतो. 1 जुलै 2025 पासून तर कॉलेजांना खेळाडूंना थेट पैसे देण्याची मुभा मिळाली. पहिल्या वर्षासाठी मर्यादा होती एका कॉलेजला सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलर, सगळे खेळ मिळून. त्यामुळे खेळाडू शोधायला वेगळी माणसं नेमणं कॉलेजांना परवडतं. टेक्सास, फ्लोरिडासारख्या राज्यांत तर आपल्याच भागातली मुलं बाहेर जाऊ नयेत यासाठी चढाओढ असते.

आपल्याकडे हे काम कोणाचं?

कॉलेजच्या शारीरिक शिक्षण संचालकांचं. कबड्डी, खो-खो, क्रिकेट, ॲथलेटिक्स आणि फुटबॉल, बहुतेक कॉलेजांत सगळं एकाच माणसाच्या अंगावर. त्यामुळे आधी ॲडमिशन होतात, मग नोटीस लागते आणि आलेल्या मुलांमधून टीम उभी राहते.

बारावीपर्यंत गाठ कोल्हापूरशी

शालेय क्रीडा स्पर्धा 14, 17 आणि 19 वर्षांखालील गटांत होतात. अकरावी-बारावीची मुलंही यातच खेळतात. जिल्हा जिंकला की विभाग, मग राज्य. 1960 पासून चालणारा सुब्रतो कपही शाळांच्या टीमसाठी असाच टप्प्याटप्प्याने दिल्लीपर्यंत जातो.

गंमत अशी की शालेय स्पर्धांमध्ये रत्नागिरी जिल्हा कोल्हापूर विभागात येतो. आणि कोल्हापूर म्हणजे तालमींच्या नावाने फुटबॉल टीम असलेलं, शाहू स्टेडियम भरून टाकणारं शहर. रत्नागिरीत मात्र कबड्डी, खो-खो आणि क्रिकेटचा जोर. विभागात टीम हरली की तिच्यातला चांगला स्ट्रायकरही तिथेच थांबतो.

कॉलेजात गेल्यावर मुंबईशी

बारावीनंतर नकाशाच बदलतो. रत्नागिरीची पारंपरिक पदवी कॉलेजं मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत. म्हणजे आता स्पर्धा जवळपास साडेतीनशे किलोमीटरवरच्या मुंबईतल्या मुलांशी, ज्यांना क्लब आणि लीगमधल्या मॅचचा सराव असतो.

पण इथे एक दिलासा आहे. विद्यापीठाची टीम निवड चाचणीतून, म्हणजे खेळाडू बघून ठरते. ही टीम पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत उतरते. तिथे चांगली कामगिरी झाली की अखिल भारतीय स्पर्धा, आणि पुढे 2020 मध्ये सुरू झालेल्या खेलो इंडिया युनिव्हर्सिटी गेम्सचा रस्ता उघडतो.

मग गळती कुठे होते?

या दोन घाटांच्या मधे. बारावी संपते, शाळेची टीम सुटते, कॉलेजची टीम अजून ठरलेली नसते. ज्यांना परवडतं ते मुंबई-पुण्याला जातात, बाकीच्यांचे बूट माळ्यावर जातात. कोल्हापूरचा अनिकेत जाधव लहान वयातच पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला आणि 2017 चा 17 वर्षांखालील वर्ल्ड कप भारताकडून खेळला. पण सगळ्यांना इतक्या लवकर कोणी हेरत नाही.

यावर उपाय अमेरिकेइतका महाग नाही. अनेक ठिकाणी ज्युनिअर आणि सिनिअर कॉलेज एकाच आवारात असतं. तालुका आणि जिल्हा स्पर्धा जवळच होतात. पदवी कॉलेजच्या सरांनी त्या मॅच बघून चार नावं वहीत टिपली आणि निकालानंतर घरी एक फोन केला, तरी बरंच काही बदलेल.

आणि खेळाडूंनी काय करायचं? स्पर्धांची प्रमाणपत्रं जपून ठेवायची आणि ॲडमिशन घेतानाच जिमखान्यात जाऊन नाव सांगायचं. नोटिशीची वाट बघायची नाही.