राजीनामा देण्यापूर्वी हिशेब मांडा

मंडळी, गेल्या महिन्यात आमचे एक नागपूरकर स्नेही घरी आले. इथे नोकरीला आठ वर्षे झाली. प्रोजेक्ट संपला म्हणून कंपनीने जायला सांगितले; वर, "राजीनामा लिहून द्या, एक्झिट लवकर लागेल," असा प्रेमाचा सल्ला! वहिनींचे सामान बांधून झाले होते. मी म्हटले, सही करण्याआधी जरा हिशेब मांडू या.

सौदीच्या २००५ च्या कामगार कायद्यानुसार नोकरी संपताना पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी अर्ध्या महिन्याचा आणि पुढच्या प्रत्येक वर्षासाठी पूर्ण महिन्याचा पगार द्यावा लागतो, तोही शेवटच्या पगाराच्या दराने. स्नेह्यांचा पगार बेसिक ४,०००, घरभाडे १,००० आणि वाहनभत्ता ४००, म्हणजे ५,४०० रियाल. पहिल्या पाच वर्षांचे १३,५०० आणि पुढच्या तीन वर्षांचे १६,२००, मिळून २९,७०० झाले. कंपनीच्या कागदावर मात्र फक्त बेसिक धरले होते! नियमित भत्तेही पगारातच मोजायचे असतात, हे अनेकांना माहीत नसते.

खरी मेख राजीनाम्यात आहे. स्वतःहून सोडल्यास दोन ते पाच वर्षांच्या नोकरीला एक तृतीयांश आणि पाच ते दहा वर्षांच्या नोकरीला दोन तृतीयांश रक्कम मिळते. पूर्ण रक्कम दहा वर्षांनंतरच. म्हणजे त्या एका सहीने २९,७०० चे १९,८०० होणार होते, आणि बेसिकवर मोजले असते तर जेमतेम १४,६६७. शिल्लक रजेचे पैसे निराळेच.

आपण प्रोग्राममधली चूक शोधायला दिवसचे दिवस घालवतो आणि स्वतःचा करार मात्र इंग्रजीत वाचून गप्प बसतो. वाद झाला तर अरबी मजकूरच ग्राह्य धरतात. तेव्हा जाणकाराकडून तो वाचून घ्या.

कंपनीने काढले तर आठवड्यात आणि आपण सोडली तर दोन आठवड्यांत हिशेब चुकता व्हायला हवा. नाही झाला, तर आधी मंत्रालयाकडे तडजोडीसाठी अर्ज करायचा आणि तिथे जमले नाही तर कामगार न्यायालय. ही न्यायालये २०१८ पासून न्याय मंत्रालयाच्या अखत्यारीत आहेत. मात्र नोकरी संपल्यापासून बारा महिन्यांत दावा हवा; नंतर सबळ कारणाशिवाय तो ऐकून घेत नाहीत. "भारतात जाऊन बघू" म्हणणाऱ्यांचे वर्ष कसे सरते ते कळतही नाही. २०१६ साली सौदी ओजेरच्या हजारो भारतीय कामगारांचे पगार थकले, तेव्हा परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनीही आधी दावे नोंदवा आणि मग मायदेशी या, असेच सांगितले होते.

आमच्या स्नेह्यांनी राजीनामा दिला नाही. नोकरीवरून कमी केल्याचे पत्र मागितले. एचआरचा चेहरा पडला, पण पाचव्या दिवशी पत्र मिळाले. करार, पगाराच्या पावत्या, बँकेचे उतारे आणि इकाम्याची प्रत त्यांनी त्याच रात्री पुण्याला भावाकडे पाठवून दिली.