कॉम्प्रेसर खरेच बिघडला आहे का?

मे महिन्यात, इंदूरच्या ऐन उन्हात, शाळेच्या जुन्या मोटारीचा एसी गार हवा देईनासा झाला. ‘कॉम्प्रेसर बदला’ असा सल्ला मिळाला. खर्च मोठा आणि पैसा शाळेचा. म्हणून आम्ही आधी दुसऱ्या मेकॅनिककडून नीट तपासणी करवून घेतली.

इंजिन चालू असेपर्यंत पट्ट्यावर कॉम्प्रेसरची पुली फिरतच असते. एसी लावताच ‘टक्’ असा आवाज होऊन पुलीपुढची क्लचची चकतीही फिरू लागली पाहिजे. ती स्थिरच राहिली तर फ्यूज, रिले आणि गॅस तपासावा. गॅस फार कमी झाल्यास प्रेशर स्विच कॉम्प्रेसर चालूच होऊ देत नाही. एसी बंद असतानाही तेथून घरघर येत असेल, तर संशय पुलीच्या बेअरिंगवर घ्यावा. चकती फिरते, गॅस पुरेसा आहे, तरीही गेजवर दोन्ही बाजूंचे दाब जवळजवळ सारखे दिसतात, तेव्हा मात्र कॉम्प्रेसरच झिजला असण्याची शक्यता अधिक.

आमच्या मोटारीत पाइपच्या एका जोडावर तेलाचा डाग सापडला. गॅस तेथूनच गळत होता. रबरी रिंग बदलून, गॅस भरून काम भागले.

मुलांनो, हे सारे दुरूनच पाहा. चालत्या पट्ट्याजवळ हात किंवा ओढणी नेऊ नका. गॅसचे काम जाणकारावरच सोपवा. पण घरी कोणी ‘कॉम्प्रेसर गेला’ म्हणाले, तर ‘चकती फिरते का?’ एवढे जरूर विचारा.