मनगटाला साजेसे घड्याळ

घड्याळ घेताना आपण त्याची किंमत विचारतो, नाव विचारतो, हमी किती वर्षांची तेही विचारतो. परंतु आपले मनगट किती रुंद आहे, हा प्रश्न स्वतःला क्वचितच विचारतो. परिणामी दुकानात दिमाखदार दिसलेले घड्याळ घरी आल्यावर हातावर तव्यासारखे वाटू लागते. सदऱ्याची बाही त्यावर अडकते, लिहिताना ते मेजावर आपटते आणि काही दिवसांतच कपाटात जाऊन पडते. पुरुषांसाठी म्हणून मांडलेली बहुतेक घड्याळे आज चाळीस मिलिमीटरहून मोठ्या व्यासाची असतात. बारीक मनगटाच्या मनुष्याने, मग तो पुरुष असो वा स्त्री, अशा वेळी काय करावे?

हे प्रस्थ आले कोठून?

मोठी घड्याळे प्रथम निर्माण झाली ती हौसेखातर नव्हे, तर कामाच्या निकडीने. इटलीच्या आरमारातील पाणबुड्यांसाठी पानेराई या पेढीने ४७ मिलिमीटर व्यासाची घड्याळे बनविली, कारण पाण्याखालच्या अंधारात काटे दिसणे आवश्यक होते. दुसऱ्या महायुद्धात जर्मन विमानांतील दिशादर्शकांची घड्याळे तर ५५ मिलिमीटरची होती. ती जाड कोटाच्या बाहीवरून बांधीत. १९९० नंतरच्या काळात हाच आकार नागरी जीवनात ऐटीचे चिन्ह बनला. ज्याला ना समुद्रतळ गाठायचा आहे, ना रात्रीच्या आकाशातून विमान न्यायचे आहे, त्याच्याही हातावर ही अवजारे चढली.

त्यापूर्वीचा संकेत अगदी निराळा होता. विसाव्या शतकाच्या मध्यास पुरुषांचे घड्याळ सामान्यतः ३३ ते ३६ मिलिमीटरचे असे आणि ते कोणालाही लहान वाटत नसे. आपल्याकडे या संकेताला घरोघर पोहोचविण्याचे श्रेय बंगळुरू नगरीकडे जाते.

बंगळुरूची देणगी

हिंदुस्थान मशीन टूल्स हा सरकारी उद्योग १९५३ साली स्थापन झाला. यंत्रे घडविणाऱ्या या संस्थेने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळुरूस मनगटी घड्याळांचा कारखाना काढला आणि १९६१ साली तेथील पहिली घड्याळे पंडित जवाहरलाल नेहरूंच्या हस्ते देशाला मिळाली. पुढे ‘जनता’, ‘पायलट’, ‘सोना’, ‘कोहिनूर’ ही नावे घराघरांत रुळली. मॅट्रिक उत्तीर्ण झालेल्या मुलाला, नोकरीस लागलेल्या मुलीला, निवृत्त होणाऱ्या शिक्षकाला एच.एम.टी. देण्याची प्रथाच पडली.

यांतील ‘जनता’ पाहा. व्यास सुमारे ३५ मिलिमीटर, यंत्रात सतरा खडे, रोज चावी द्यावयाची, तबकडी साधी व आकडे स्पष्ट. ते शेतकऱ्याच्या राकट मनगटावर शोभले आणि कारकुनाच्या सडपातळ मनगटावरही. ४४ मिलिमीटरचे घड्याळ त्याहून केवळ नऊ मिलिमीटरने मोठे आहे, असे वाटेल. परंतु क्षेत्रफळाचा हिशेब मांडला तर ते दीडपटीहून अधिक जागा व्यापते. डोळ्यांना खटकते ते हेच.

क्वार्ट्झ घड्याळांची लाट आणि नव्या स्पर्धकांची चढाई यांपुढे या उद्योगाचा टिकाव लागला नाही. २०१६ साली केंद्र सरकारने एच.एम.टी. वॉचेस ही कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला. बंगळुरूच्या जालहळ्ळी भागात २०१९ साली सुरू झालेल्या संग्रहालयात या कारखान्याचा इतिहास जतन केलेला आहे.

मोजमाप कसे घ्यावे?

खरेदीस निघण्यापूर्वी कागदाची एक पट्टी मनगटाभोवती गुंडाळून घेर मोजा. नंतर मनगटाचा वरचा सपाट भाग पट्टीने मोजा; खरे महत्त्व याला आहे. पट्टा जेथे अडकवतात त्या वरच्या व खालच्या टोकांमधील अंतर या सपाट भागाहून कमी असावे. टोके मनगटाबाहेर डोकावू लागली की व्यास कितीही लहान असो, घड्याळ मोठेच दिसते. म्हणून दुकानदाराला केवळ व्यास विचारून थांबू नका. हे अंतर आणि जाडीही विचारा. जाड घड्याळ बाहीखाली सरकत नाही. बंगळुरूजवळच्या होसूर येथे कारखाना असलेल्या टायटनने २००२ साली ‘एज’ हे अवघ्या साडेतीन मिलिमीटर जाडीचे घड्याळ काढले. बारीकपणातही कौशल्याची कसोटी असते, हे त्यावरून ध्यानी यावे.

‘पुरुषांचे’ आणि ‘स्त्रियांचे’ या पाट्यांना फार भुलू नका. स्पष्ट आकड्यांचे ३४ मिलिमीटरचे घड्याळ कोणत्या कप्प्यात ठेवले आहे, याच्याशी आपल्या मनगटाला काय कर्तव्य?

शोध कोठे घ्यावा?

पहिला शोध घरातच घ्या. आजोबांचे बंद पडलेले घड्याळ कित्येकदा केवळ वंगण सुकल्याने थांबलेले असते. जाणत्या कारागिराकडून ते उघडून साफ करून घ्या. असे कारागीर आता विरळ होत चालले आहेत. त्यांच्या हाताला काम मिळाले तरच ही विद्या टिकेल. घड्याळ चालू झाल्यावर रोज ठराविक वेळी चावी द्या, विरोध जाणवताच थांबा आणि पावसापाण्यापासून त्याला जपा.

जुन्या बाजारात एच.एम.टी. घेणार असाल तर सावध असा. निरनिराळ्या घड्याळांचे भाग जुळवून, तबकडी भडक रंगाने नव्याने रंगवून ती ‘जुनी पण न वापरलेली’ म्हणून विकली जातात. अक्षरे पुसट किंवा वेडीवाकडी असतील, तबकडी झगझगीत नवी पण डबी झिजलेली असेल, तर पैसे खिशातच राहू द्या.

ज्यांची दृष्टी मंदावली आहे त्यांना मोठी तबकडी सोयीची वाटणे स्वाभाविक आहे. तथापि तेथेही आकारापेक्षा पांढऱ्या पार्श्वभूमीवरील काळे, ठसठशीत काटे अधिक उपयोगी पडतात. तरुण मित्रांच्या हातावरील भव्य घड्याळ पाहून आपल्या मुलाला स्वतःचे बारीक मनगट उणे वाटू लागले, तर त्याच्या हाती कागदाची ती पट्टी द्या आणि त्याला स्वतःच मोजू द्या. घड्याळ मनगटासाठी असते, मनगट घड्याळासाठी नसते, हे त्याला तेवढ्याने उमगेल.